जोड टिकतो, शेजारचं लोखंड तुटतं : बागेच्या अवजारांचं घरगुती वेल्डिंग

फावडं मानेतून तुटलं, कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग मारून आणलं आणि महिनाभरात परत तुटलं. बाग किंवा शेती करणाऱ्या बहुतेकांनी हे भोगलेलं असतं. अशा वेळी ते दुसऱ्यांदा तुटलेलं फावडं फेकून देण्याआधी जरा उजेडात धरून बघा. वेल्डिंगची रेघ बहुधा शाबूत असते. तडा गेलेला असतो तिच्या लगत, दोन-तीन मिलिमीटरवर. तुटलेली कड दाणेदार आणि चमकती असते, लोखंड वाकल्याची कुठलीही खूण तिच्यावर नसते. आपण शिव्या घालतो वेल्डरच्या जोडाला, आणि त्या जोडाचा तर काही दोष नसतो.

हल्ली चार-पाच किलोचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन सहज मिळतं, घरच्या लाइटवर चालतं आणि एखाद्या बऱ्या ग्राइंडरसारखं ते कपाटात ठेवता येतं. त्यामुळे गेटची बिजागरी, कुंड्यांचं स्टँड, हातगाडी, खुरपं असं घरच्या घरी जोडायचा मोह होतो. मोह चांगलाच आहे. फक्त मशीन चालवायला शिकण्याआधी त्या रेघेशेजारी काय घडतं ते समजून घेतलं, तर निम्मी कामं वाया जायची वाचतात.

वेल्डिंगच्या रॉडचं, म्हणजे मशीनला जोडलेल्या लेपाच्या तारेचं, टोक लोखंडाला टेकवून किंचित उचललं की मधल्या फटीतून वीज उडी मारते. हा आर्क. त्याचं तापमान पाच-सहा हजार अंश सेल्सिअसच्या घरात असतं आणि साधं लोखंड १५०० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे रॉडखाली क्षणात वितळलेल्या धातूचं छोटंसं डबकं तयार होतं. त्यात दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून मिसळतात आणि वरून रॉडची तार वितळून भर पडते. डबकं थिजलं की जोड झाला. म्हणून नीट मारलेला जोड हे नुसतं चिकटवणं नसतं. तिथे नवीन धातू ओतला गेलेला असतो.

वितळलेल्या लोखंडाला हवा मात्र सोसत नाही. त्यात ऑक्सिजन आणि नायट्रोजन शिरला की जोड फुसका, भोकाभोकांचा होतो. रॉडवर जो राखाडी लेप असतो तो यासाठी. लेप जळून निघणारा वायू डबक्याभोवती आडोसा धरतो आणि उरलेला लेप वितळून वर तरंगतो, थिजून कवच होतो. हेच कवच आपण नंतर हातोडीनं टिचकावून काढतो, ज्याला कारागीर स्लॅग म्हणतात. असा लेप लावलेला रॉड स्वीडनच्या ऑस्कर शेल्बेर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढला. त्याआधी नुसत्या तारेनं जोडलेलं काम ठिसूळ निघायचं. रॉडचा लेप पडलेला असेल, तर ती उघडी तार शंभर वर्षं मागची आहे असं समजून तो तुकडा मोडून टाका.

आता तो शेजारचा पट्टा. डबक्याच्या कडेचं लोखंड वितळत नाही, पण लालबुंद होतं. आर्क पुढे सरकला की आजूबाजूचं थंड लोखंड त्यातली उष्णता भराभर ओढून घेतं. काही सेकंदांत तो पट्टा लालबुंद अवस्थेतून गार होतो. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा नेमकं हेच करतो : लाल करून एकदम गार करणं, म्हणजे धार कडक होते. लोखंडात कार्बन कमी असेल तर या गार होण्यानं फारसं काही बिघडत नाही. कार्बन पुरेसा असेल तर मात्र तो पट्टा कडक होतो, कडक म्हणजे ठिसूळ होतो. लोहार पाणी दिल्यावर हत्यार परत थोडं तापवून त्याचा ताठरपणा उतरवतो. अशा दुरुस्तीच्या वेल्डिंगमध्ये ती दुसरी पायरी सहसा कुणी करत नाही. फावड्याच्या मानेत, जिथे प्रत्येक घावाला वाकवणारा जोर येतो नेमकं तिथे, आपण एक न उतरवलेला ठिसूळ पट्टा तयार करून ठेवतो.

कोणतं लोखंड आहे ते आधी ओळखा

म्हणजे सगळा प्रश्न कार्बनवर येतो. दुकानात ‘एमएस’ (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) म्हणून मिळणारे अँगल, पट्टी, चौकोनी पाईप यांत कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत असतो. हे लोखंड वेल्डिंगला गरीब गाय. गेट, ग्रिल, मांडव, स्टँड, हातगाडीचा सांगाडा हे सगळं यात येतं. नवशिक्यानं इथेच हात साफ करावा.

चांगली कुदळ, टिकाव, कोयता, खुरपं यांत कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त असतो, नाहीतर त्यांना धार धरता आली नसती. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून जी खुरपी आणि कोयते घडवतात, ती तर स्प्रिंगच्या पोलादाची असतात. हे लोखंड वेल्ड होतं, पण नाजूकपणे हाताळावं लागतं. आणि तिसरं म्हणजे बीड, म्हणजेच ओतीव लोखंड. जुन्या हातपंपाचं अंग, लोखंडी बाकाचे नक्षीदार पाय, काही जुन्या पंपांची केसिंग. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असतो. साध्या रॉडनं बिडाला जोड मारला की गार होतानाच ‘टिक’ असा आवाज येतो आणि शेजारी नवी चीर दिसते. त्यासाठी निकेलचे महागडे रॉड असतात, इंचभर जोड मारून हातोडीनं हलके ठोके देत, थांबत थांबत काम करावं लागतं. माझं मत विचाराल तर घरच्या बागेतल्या बिडाच्या वस्तूला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून नट-बोल्टनं आवळावं आणि वेल्डिंगचा नाद सोडावा.

ओळखायचं कसं? ग्राइंडरचं चाक अवजाराच्या आडबाजूला, सावलीत, हलकंसं टेकवा आणि ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर रेघा मारत जातात, टोकाला क्वचित एखादा फाटा फुटतो. कार्बन वाढला की रेघा आखूड होतात आणि टोकाशी फुलबाजीसारखे झुपकेच्या झुपके फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात, चाकाजवळच विझतात. शंका असेल तर एक माहितीतला एमएसचा तुकडा शेजारी धरून त्याच चाकावर दोन्हींची तुलना करा. दहा-बारा वेळा केलं की डोळा तयार होतो. कानसही सांगते : साध्या लोखंडात ती खाते, पाणी दिलेल्या धारेवरून नुसती सरकते.

एक खबरदारी. बाजारात मिळणारी स्वस्त फावडी पुष्कळदा साध्या पत्र्याचीच असतात, नेढं (दांडा बसतो ती खोबण) वेगळं करून वेल्ड केलेलं. त्यांची दुरुस्ती सोपी असते. घडवलेलं, एकसंध, जड फावडं असेल तरच पुढे सांगितलेली तापवण्याची कसरत लागते. ठिणगी बघितल्याशिवाय दोन्हींत फरक कळत नाही.

मशीन, रॉड आणि लाइट

घरगुती कामाला १६० ते २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन भरपूर होतं. खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका, बागेच्या कामात १२० अँपिअरच्या वर जायची वेळ क्वचितच येते. त्यापेक्षा ‘ड्युटी सायकल’ बघा. २०० अँपिअरवर ६० टक्के याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं सलग आर्क, चार मिनिटं विश्रांती. घरी आपण एक इंच जोड मारतो आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसतो, त्यामुळे इथे फारशी अडचण येत नाही.

अडचण येते ती प्लगची. ८० अँपिअरवर काम करताना आर्कचं व्होल्टेज असतं साधारण २३, म्हणजे १८००-१९०० वॅट. मशीनमधला तोटा धरून भिंतीतून सव्वादोन-अडीच किलोवॅट ओढली जाते. म्हणजे गीझरला जो १६ अँपिअरचा मोठा सॉकेट असतो तोच हवा. मोबाइल चार्जरच्या बोर्डावरून, पातळ वायरच्या गुंडाळलेल्या एक्स्टेंशननं मशीन चालवलं तर वायर तापते आणि आर्कही रडतो. निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि ती पूर्ण उलगडून पसरा. गावाकडे संध्याकाळी कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि रॉड सारखा चिकटायला लागतो. तेव्हा आपला हात बिघडला असं वाटून घेऊ नका, सकाळी परत बघा.

रॉडच्या पुडक्यावर ६०१३ असा आकडा असतो. पहिले दोन अंक ताकदीचे : जोडाची ताण सोसण्याची ताकद किमान ६०,००० पौंड प्रति चौरस इंच. तिसरा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कुठल्याही स्थितीत वापरता येतो. शेवटचा अंक लेपाचा प्रकार सांगतो. ६०१३ चा लेप रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाचा असतो, त्यानं आर्क चटकन पेटतो, स्लॅग सहज सुटतो आणि थोड्या चुका खपून जातात. दुकानात मिलिमीटर सांगितले तरी चालतं, पण गल्ल्यावरचा माणूस ‘बारा नंबर’ आणि ‘दहा नंबर’ म्हणेल. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड, ६० ते ९० अँपिअरवर चालतो. दहा नंबर म्हणजे ३.१५ मिलिमीटर, ९० ते १३०. घरी बारा नंबर घ्या. दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा आणि पाच मिलिमीटरचा अँगल दोन्ही त्यानं होतात.

कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच, उघडं पुडकं ओल धरतं. ओला रॉड फटफट उडतो आणि जोडात भोकं सोडतो. ६०१३ असेल तर कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर तासभर ठेवला की पुरतं. उरलेले रॉड झाकणाच्या डब्यात ठेवायचे.

हात कसा चालवायचा

अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या वस्तूवरच लावायचा, तोही गंज आणि रंग खरवडून चकचकीत केलेल्या जागी. निम्म्या नवशिक्यांचा आर्क इथेच अडतो आणि ते दोष देतात मशीनला. जोडायच्या जागेचंही तसंच, दोन्ही बाजूंना निदान इंचभर स्वच्छ लोखंड दिसलं पाहिजे. माती, ग्रीस, रंग, गंज हे सगळं जळून जोडातच शिरतं.

आर्कची लांबी रॉडच्या जाडीइतकी, म्हणजे अडीच मिलिमीटर. रॉड जळून आखूड होत जातो, तेव्हा हात पुढेही सरकवायचा आणि खालीही न्यायचा, ही दुहेरी चाल अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. बरोबर अंतर असलं की कढईत काहीतरी मंद तळत असावं असा एकसारखा चुरचुर आवाज येतो. अंतर वाढलं की आवाज फाटतो, ठिणग्या चौफेर उडतात आणि जोड वर साचून राहतो, आत शिरत नाही. रॉड किंचित कलता धरून आपल्याकडे ओढत आणायचा. ढकलत नेला तर स्लॅग डबक्याच्या पुढे पळतो आणि जोडाखाली गाडला जातो. बघायचं ते झगमगणाऱ्या आर्ककडे नाही, त्याच्या मागच्या डबक्याकडे. डबकं दोन्ही कडांना भिजवत आहे का, एवढंच लक्षात ठेवा. सुरुवातीला डोळा आर्कवर जातोच, आणि डबकं ‘दिसायला’ लागलं की शिकणं एकदम वेग घेतं.

एका जुन्या अँगलवर नुसत्या रेघा ओढून अर्धं पुडकं संपवा, मग दोन पट्ट्या काटकोनात जोडून व्हाइसमध्ये पकडून हातोड्यानं मोडून बघा. जोड उकलून आत स्वच्छ, सपाट लोखंड दिसलं, तर ते वितळलंच नव्हतं, वरवर थापलं गेलं होतं. अँपिअर वाढवा. पट्टी वाकली आणि जोड राहिला, तर पुढे जायला हरकत नाही.

हातगाडीचा फाटलेला ट्रे

एकचाकी हातगाडीत माती, शेणखत, विटा वाहून ट्रे फाटतो तो ठरलेल्या जागी, पायांचे बोल्ट जिथे पत्र्यातून जातात तिथे. पत्रा असतो जेमतेम दीड मिलिमीटरचा आणि आतून शेणखताच्या ओलीनं आणखी खंगलेला. यावर सरळ रेघ मारायला गेलात तर चीर बुजत नाही, भोक मोठं होत जातं.

आधी चिरेचं खरं टोक शोधा. गंज घासल्यावर ते दिसतं त्यापेक्षा सेंटिमीटरभर पुढेच निघतं. त्या टोकावर तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा. चीर टोकदार असते तोवर सगळा ताण त्या टोकात गोळा होतो आणि ती पुढे सरकत राहते. गोल भोकापाशी ताण पसरतो आणि ती थांबते. मग खालच्या बाजूनं दोन मिलिमीटर पत्र्याचं ठिगळ कापा, खंगलेला भाग ओलांडून चांगल्या पत्र्यावर निदान दोन बोटं जाईल एवढं. ठिगळाचे कोपरे गोल करा, चौकोनी कोपऱ्यापासून पुढच्या वर्षी नवी चीर निघते.

चार कोपऱ्यांना टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा, पण समोरासमोर : एक इकडे, पुढचा तिरपा पलीकडे. थिजताना धातू आकसतो आणि एकाच बाजूनं जोडत गेलात तर ठिगळ दुसऱ्या बाजूला तोंड वासतं. मशीनवर केबल बदलून रॉड ऋण टोकाला घ्या, ६०१३ ला ते चालतं आणि पातळ पत्र्यात आर्क कमी खोल जातो. साठ अँपिअरच्या आसपास ठेवा. रॉडचा रोख जाड ठिगळाकडे ठेवायचा आणि डबकं नुसतं पत्र्याच्या कडेला लावायचं. पाऊण इंच जोड, थांबा, हात लावता येईल इतकं गार होऊ द्या, मग दुसऱ्या बाजूला पाऊण इंच. पत्र्याच्या मागे तांब्याची चपटी पट्टी घट्ट धरली तर भोक पडत नाही. तांबं उष्णता ओढून घेतं आणि वितळलेलं लोखंड त्याला सहसा चिकटत नाही. जुन्या एसीच्या तांब्याच्या नळीचा चेपून केलेला तुकडा यासाठी मी जपून ठेवला आहे.

दुरुस्ती झाली, पण गाडी पुन्हा तिथेच फाटायची असेल तर काय उपयोग? सगळा भार दोन बोल्टांवर येतो हे मूळ दुखणं आहे. दोन्ही पायांना जोडणारी एक आडवी अँगलपट्टी ट्रेखाली टाकली आणि तिच्यावर ट्रे टेकला की भार पसरतो. ही पट्टी पायांना वेल्ड करा, ट्रेला मात्र बोल्टनंच बसवा. पत्रा पुढेमागे बदलावा लागणारच आहे.

कार्बनवाल्या अवजाराची गोष्ट

आता ते घडवलेलं फावडं किंवा कुदळ. उपाय तत्त्वात सोपा आहे : शेजारच्या पट्ट्याला भराभर गार होऊ द्यायचं नाही. त्यासाठी जोडायच्या आधी सगळी मान दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापवायची. शेगडी, कोळसा, ब्लो टॉर्च, काहीही चालतं. दांडा आधी काढून ठेवायचा, हे सांगायला नको. तापमान मोजायला यंत्र नसेल तर पाण्याचा थेंब टाका. थेंब फसफसून तिथेच उकळत असेल तर अजून तापवा. थेंब गोळी होऊन इकडून तिकडे पळायला लागला की दोनशेच्या आसपास आहात. घासून चकचकीत केलेल्या जागेवर फिकट पिवळसर झाक आली तरी तेच. ती निळी होऊ लागली तर तीनशेच्या घरात पोचलात, धार जवळ असेल तर थांबा.

रॉड इथे ७०१८ बरा. त्याच्या लेपातून हायड्रोजन कमी सुटतो, आणि ठिसूळ पट्ट्यात शिरलेला हायड्रोजन हेच काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उगवणाऱ्या चिरांचं एक मोठं कारण आहे. पण उघडं राहिलेलं ७०१८ चं पुडकं तीन-साडेतीनशे अंशांवर तास-दीड तास भाजावं लागतं, ती सोय घरी क्वचितच असते. नवं, सीलबंद छोटं पुडकं आणून त्याच दिवशी वापरणं हाच व्यवहार्य मार्ग. ते जमत नसेल तर ६०१३ नं करा, मात्र तापवणं सोडू नका.

तुटलेल्या कडा ग्राइंडरनं दोन्हीकडून तिरप्या घासून व्ही आकाराची खाच करा, म्हणजे जोड आरपार जाईल. जोड झाला की फावडं तसंच गरम, कोरड्या राखेत किंवा कळीच्या चुन्याच्या कोरड्या भुकटीत पुरून ठेवा, सकाळी काढा. पाण्यात बुडवलंत तर केलेली सगळी मेहनत तिथेच संपली. मानेवर दोन्ही बाजूंनी बोटभर रुंद एमएस पट्टी जोडली की वाकणारा जोर जुन्या जोडावरून पुढे सरकतो. पट्टीची टोकं तिरपी कापून निमुळती ठेवा.

खुरप्याचं पातं मधोमध तुटलं असेल तर माझा सल्ला सरळ आहे, ते वेल्ड करू नका. जोडाजवळ धारेचं पाणी उतरतं, तिथे ती बोथट राहते, आणि लोहाराकडून नवं खुरपं घेणं त्याहून स्वस्त पडतं. आठवडी बाजारात भाता लावून बसलेला लोहार पातं शेवटून (ठोकून नवी धार काढून) आणि पाणी देऊन ज्या हिशेबानं देतो, त्या हिशेबात आपला रॉडसुद्धा बसत नाही. खुरप्याची शेपटी दांड्यातून निसटत असेल, तर ती मात्र घरी होते. शेपटीला पाईपचा तुकडा जोडून कंबर न वाकवता चालवता येईल असं लांब दांड्याचं खुरपं करता येतं. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी याच्याइतकी उपयोगी सुधारणा दुसरी नाही. हे करताना पातं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा म्हणजे धारेपर्यंत उष्णता जात नाही. फडकं जोडापासून चार बोटं तरी लांब असावं.

जिथे थट्टा नको

आर्कच्या प्रकाशात अतिनील किरण असतात. वेल्डिंगची दहा-अकरा नंबरची काळी काच डोळ्यांसमोर हवी. गॉगल चालत नाही, गॅस वेल्डिंगचा चष्माही चालत नाही. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर त्या वेळी काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवायची पद्धत आहे, गारव्यानं बरं वाटतं, पण दुखणं कमी झालं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. आपोआप काळी होणारी हेल्मेट आता परवडणारी झाली आहेत. दुसऱ्या हातानं काच धरत बसण्यापेक्षा ती घ्या. पोरंटोरं आणि कौतुकानं बघायला येणारे शेजारी यांना लांब ठेवा, किरण त्यांच्याही डोळ्यांत जातात. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. टेरिकॉट आणि नायलॉनवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

बागेत जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे, पाईप फार असतात. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे लोखंड वितळायच्या किती तरी आधी. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. दिवस-दोन दिवसांत उतरतो, पण अनुभव घेण्यासारखा नाही. वेल्डिंगआधी दूध प्यायलं की काही होत नाही असं सर्रास सांगितलं जातं. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात जातो. जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन इंच जस्त घासून काढा, मोकळ्यावर काम करा, वारा पाठीमागून नको, बाजूनं येईल असे उभे राहा. पाठीमागून आलेला वारा आपल्याच अंगाशी भोवरा करून धूर तोंडापाशी आणतो.

ओल्या हिरवळीवर, पाणी घातलेल्या वाफ्यात उभं राहून वेल्डिंग करायचं नाही. होल्डरवर, म्हणजे रॉड पकडायच्या चिमट्यावर, रिकाम्या वेळी ६० ते ९० व्होल्ट असतात, घामानं भिजलेल्या हातमोज्यातून शॉक बसायला तेवढे पुरतात. कोरडी फळी पायाखाली घ्या. पालापाचोळा, आच्छादनाचं गवत झाडून लांब करा, पाण्याची बादली भरून ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच रेंगाळा. ठिणगी आत धुमसत राहते आणि आपण जेवायला बसल्यावर पेट घेते.

गवत कापायच्या मशीनची पेट्रोलची टाकी रिकामी केली, धुतली, तरी वेल्ड करायची नाही, वाफ उरतेच आणि टाकी फुटते. त्याच मशीनचं पातंही नाही. ते मिनिटाला हजारो फेरे घेतं, आणि जोडाशेजारचा ठिसूळ पट्टा म्हणजे काय ते वर आलंच आहे.

मांडव

कारली, दोडके, तोंडलीसाठी एक इंच चौकोनी पाईपचा मांडव हे नवशिक्याचं सगळ्यात आवडीचं काम, आणि एमएसचं असल्यानं बेफिकीरपणे करण्यासारखं. दीड मिलिमीटर जाडीखालचा पाईप घेऊ नका, भोकं पाडत बसाल. चौकट जमिनीवर सपाट मांडून, दोन्ही कर्ण दोरीनं मोजून, आधी सगळीकडे टाकेच मारा. कर्ण सारखे आले की मग पूर्ण जोड, आणि तेही कोपरे आलटूनपालटून.

पाईपची टोकं झाकणं लावून बंद करत असाल, तर शेवटच्या झाकणाच्या जोडाशी डबकं अचानक फुरफुरतं आणि कितीही भरलं तरी एक भोक उरतंच. आत कोंडलेली हवा तापून बाहेर पडायला वाट शोधते, म्हणून. शेवटचं झाकण लावण्याआधी पाईपच्या खालच्या अंगाला तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा. जोड बिनबोभाट बसतो, आणि पावसाचं जे काही पाणी आत झिरपेल त्याला बाहेर पडायला जागा राहते. वरून स्लॅगचा कण न् कण काढून, तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. स्लॅगवर बसलेला रंग पहिल्याच पावसात स्लॅगसकट उडतो आणि जोडावरूनच गंज सुरू होतो.

वेलाचे ताणे इंचभर जाड पाईपला धरत नाहीत. तेव्हा चौकटीच्या आतल्या अंगाला वीतभर अंतरानं सहा मिलिमीटर सळईचे छोटे आकडे वेल्ड करून ठेवा आणि त्यांवर काथ्याची जाळी ताणा. हंगाम संपला की वाळलेल्या वेलासकट जाळी कापून खतात टाकता येते, आकडे पुढच्या वर्षीच्या जाळीला तयार असतात.